न केलेल्या कर्माचे फळ

आपल्या दर्शनकारांनी परपक्षावर जे आक्षेप वारंवार घेतले आहेत, त्यांत कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम या जोडीइतका हुकमी आक्षेप दुसरा क्वचितच सापडेल. केलेले कर्म फळ न देताच नष्ट होणे हा पहिला दोष, आणि जे आपण केलेच नाही त्याचे फळ येऊन पदरी पडणे हा दुसरा. ज्या मतातून यांपैकी एकही दोष उद्भवतो ते मत मुळातच टाकाऊ, असे नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती हे तिघेही, एरवी आपसांत क्वचितच सहमत होणारे असूनही, बिनदिक्कत गृहीत धरून चालतात. क्षणिकवादी बौद्धांना त्यांनी याच शस्त्राने गाठले. करणारा क्षण निराळा आणि भोगणारा क्षण निराळा असेल, तर एकाने करावे आणि दुसऱ्याने भोगावे असा प्रसंग येईल, आणि सृष्टीत असा अंधेर चालणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. यातले शेवटचे विधान मात्र कुणी सिद्ध केलेले नाही. ते सर्वांना इतके इष्ट वाटत होते, की त्याचा पुरावा मागण्याचे कुणाच्या मनातही आले नसावे.

हा अंधेर आपल्या देहातच राजरोस चालू शकतो, असे दाखवणारा एक रोग आहे, आणि त्याच्याविषयी जितके वाचावे तितका मला वरील आक्षेपाचा पाया डळमळीत वाटू लागतो. डॉक्टर त्याला हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. रोग मुळात यकृताचा. मद्यामुळे, हिपॅटायटिस बी किंवा सी यांच्या विषाणूमुळे, अलीकडे पुष्कळदा नुसत्या साठलेल्या चरबीमुळे, यकृत वर्षानुवर्षे झिजत जाते, त्याच्या मऊ मांसाच्या जागी गाठाळ आणि चिवट वण तयार होतो, पोटात पाणी होते, पाय सुजतात, डोळे पिवळे पडतात. आणि हे सगळे चालू असता एके दिवशी लघवी कमी होऊ लागते. ज्या मूत्रपिंडांची या प्रकरणात आजवर कुणी विचारपूसही केलेली नव्हती, ती आठवड्या-दोन आठवड्यांत काम थांबवतात. या रोगाच्या तीव्र स्वरूपात, उपचार न झाल्यास, रोगी बहुधा काही आठवड्यांपलीकडे जगत नाही. जर्मन वैद्य फ्रेरिक्स यांनी १८६१ साली यकृताच्या जुनाट रोग्यांची लघवी अशी आटत असल्याची नोंद केली, आणि १८६३ साली अमेरिकेतील ऑस्टिन फ्लिंट यांनी तिला एक चमत्कारिक पुस्ती जोडली: मृत्यूनंतर अशा रोग्यांची मूत्रपिंडे तपासली असता त्यांत म्हणण्यासारखा बिघाड आढळत नाही. गुन्हा शाबीत, मुद्देमाल मात्र निष्कलंक, अशी ही स्थिती जवळजवळ शंभर वर्षे कुणाला नीट उलगडली नाही.

उलगडा होऊ लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हेकर आणि शीला शेरलॉक यांनी १९५६ साली अशा रोग्यांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्यांना आढळले की या लघवीत प्रथिने नाहीत आणि मीठ तर जवळजवळ नाहीच. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. बिघडलेले मूत्रपिंड मीठ राखू शकत नाही. हे मूत्रपिंड ते कणाकणाने राखत होते. निरोगी माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, दिवसाकाठी जवळपास १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यांतला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. म्हणजे देण्यापेक्षा परत घेणे हेच त्यांचे मोठे काम. यकृत वणाने कठीण झाले की आतड्यांकडून त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताची वाट तुंबते, त्या दाबाच्या परिणामाने नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये वाढून उदरातल्या धमन्या सैल पडतात, रक्त तिथेच पसरून राहते आणि शरीराच्या मुख्य धमन्यांतला भरणा कमी पडतो. गळ्यातल्या आणि छातीतल्या धमन्यांत रक्ताचा दाब जोखणारी जी नाजूक ठिकाणे आहेत, त्यांना एवढेच कळते की भरणा कमी आहे. तो का कमी आहे हे कळण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही. त्यांच्याकडून मज्जातंतूंना आणि ग्रंथींना इशारे जातात, रेनिन, अल्डोस्टेरॉन, व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके रक्तात उतरतात, आणि मूत्रपिंडांना हुकूम पोचतो की पाणी आणि मीठ राखा. एखाद्या तालुक्याच्या मामलेदाराकडे, धरणाच्या वरच्या अंगाला गावे पाण्याखाली गेल्याची खबर न येता, फक्त खालचा कालवा कोरडा पडल्याची खबर यावी, त्याने अवर्षण समजून पाण्याचा थेंबन् थेंब अडवण्याचे फर्मान काढावे, आणि ते अडवलेले पाणी मागे फुगून आणखी चार गावांनी बुडावे, तसा हा प्रकार आहे. मामलेदार लाचखाऊ नाही, आळशी नाही, उलट त्याच्याइतका कर्तव्यदक्ष अंमलदार त्या जिल्ह्यात दुसरा नसेल. शेवटी तो स्वतःच्या कचेरीचे पाणीही तोडतो: मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या त्याच हुकुमाने इतक्या आवळल्या जातात की गाळायला रक्तच उरत नाही.

हे पुस्तकात वाचणे निराळे आणि रोग्याच्या खाटेशी बसून पाहणे निराळे. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत अशी खाट नेहमी सापडते. रोज सकाळी रोग्याला काट्यावर उभे करतात, मग बेंबीच्या पातळीवर टेपने पोटाचा घेर घेतात. टेप रोज त्याच जागी पडावी म्हणून ताणून चकचकीत झालेल्या त्या कातडीवर बॉलपेनने दोन बारीक खुणा केलेल्या असतात. खाटेखाली आकडे छापलेले प्लास्टिकचे भांडे, त्यात दिवसभरात जेमतेम पावशेर गडद लघवी. रोग्याची बायको मुलाच्या जुन्या वहीत किती प्याले आणि किती झाली हे दोन रकान्यांत लिहिते, आणि राउंडला डॉक्टर आले की, "साहेब, काल पाव लिटरच झाली हो," असे अपराध्यासारखे सांगते. डब्यात आळणी वरण-भात. लोणच्याची फोड मागणाऱ्या त्या माणसाला ती लहान मुलासारखे समजावते, आणि पाण्याचा पेला चमच्याने मोजून देते, कारण पाण्यावरही मर्यादा घातलेली असते. त्याच्या पोटात दहा-बारा लिटर पाणी आहे आणि जीभ टाळ्याला चिकटली आहे. देहातले पाणी देहाच्याच उपयोगी नाही, हा विरोधाभास इतक्या उघड रूपात मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

स्वधर्माच्या विचाराला यातून एक अडचण येते, जिच्याविषयी गीतेचे भाष्यकार फारसे बोलत नाहीत. स्वधर्म पाळावा, तो विगुण असला तरी पाळावा, हे ठीक. पण पाळणाऱ्याला प्रसंगाचे ज्ञान कोठून व्हावे? अर्जुनाला सांगायला रथावर प्रत्यक्ष सर्वज्ञ बसला होता, आणि त्याने दोन्ही सैन्यांचे भूत-भविष्य एका दृष्टिक्षेपात दाखवले. मूत्रपिंडाला असा सारथी नाही. त्याला आपल्या दाराशी येणाऱ्या रक्ताचा दाब आणि संप्रेरकांचा तगादा एवढेच समजते, आणि एवढ्या ज्ञानावर त्याने जे करायला हवे ते ते अचूक करते. त्याच्या आचरणात एकही चूक काढता येत नाही, आणि त्या अचूक आचरणाची बेरीज मृत्यू आहे. बहुसंख्य माणसेही अर्जुनापेक्षा मूत्रपिंडाच्याच अवस्थेत कर्तव्य करीत असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्या निर्दोषत्वाचा पुरावा पाहू, कारण तो मोठा विलक्षण आहे. १९७० साली एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या मूत्रपिंडांतल्या धमन्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. रोगी जिवंत असता त्या धमन्या आवळलेल्या, वेड्यावाकड्या आणि बाहेरच्या भागात तर अदृश्यच झालेल्या दिसल्या. मृत्यूनंतर त्याच मूत्रपिंडांत द्रव्य भरून पुन्हा चित्रे घेतली, तेव्हा त्या धमन्या टोकापर्यंत मोकळ्या आणि निरोगी होत्या. हुकूम देणारा गेला, तशी मूठ सैल झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ साली, कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धीट काम प्रसिद्ध केले होते. या रोगाने मेलेल्या माणसांची मूत्रपिंडे, जी त्यांच्या स्वतःच्या देहात शेवटी लघवीचा थेंब गाळीत नव्हती, ती काढून, स्वतःची मूत्रपिंडे निकामी झालेल्या पण यकृत धड असलेल्या रोग्यांच्या देहांत बसवण्यात आली, आणि ती तिथे काम करू लागली. पुढे १९७३ साली इवात्सुकी, स्टार्झ्ल आदींनी याचीच दुसरी बाजू दाखवली: रोग्याची मूत्रपिंडे जिथल्या तिथे ठेवून, त्यांना हातही न लावता, फक्त यकृत बदलले, आणि मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली.

छांदोग्य उपनिषदात प्राणांच्या भांडणाची गोष्ट आहे. आपल्यात श्रेष्ठ कोण हे ठरेना, तेव्हा एकेका इंद्रियाने वर्षभर देह सोडून बाहेर राहावे असे ठरले. वाणी गेली आणि परत येऊन विचारती झाली की माझ्यावाचून कसे जगलात, तर मुके जगतात तसे, असे उत्तर मिळाले. मग डोळा गेला, कान गेला, मन गेले. अवयवावाचून देहाचे काय होते हे पाहण्याची ही रीत आहे. कॉपेल यांनी ती उलटी केली, आणि त्या देहावाचून अवयवाचे काय होते हे पाहिले. उपनिषदातल्या ऋषींना सुचलेल्या प्रयोगाचा हा उत्तरार्ध सुचायला आणि करता यायला दोन-अडीच हजार वर्षे जावी लागली. त्याचे उत्तर मात्र त्यांच्या विषयातले आहे, आणि वैद्यांनी ते तत्त्वज्ञांच्या स्वाधीन न करता नियतकालिकातच ठेवून दिले.

प्रश्न असा, की रोग होता कुठे? मूत्रपिंडात नव्हता, हे सिद्ध झाले. यकृतात होता म्हणावे, तर यकृताचा रोग पुष्कळांना असतो आणि त्या सर्वांची मूत्रपिंडे बंद पडत नाहीत. अनेकदा पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग, लघवीच्या औषधाची जास्त झालेली मात्रा, किंवा गुडघेदुखीसाठी दुकानातून सहज आणून घेतलेली वेदनाशामक गोळी एवढे निमित्त त्याला लागते. (या शेवटच्या निमित्ताविषयी घरोघरी अधिक माहिती असायला हवी. मूत्रपिंडाच्या धमन्या ज्या द्रव्यांच्या जोरावर कशाबशा उघड्या राहिलेल्या असतात, तीच द्रव्ये आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद करतात.) सनातनी पक्षाचे पहिले उत्तर तयार असते: अवयव हे करण आहे, कर्ता नव्हे, कुऱ्हाडीला पाप लागत नाही आणि कुऱ्हाडीवर अन्यायही होत नाही, भोगणारा जीव एकच, त्याने मद्य प्यावे आणि त्यानेच मरावे, यात अकृताभ्यागम कुठे आला? उत्तर चोख आहे, पण ते प्रश्न टाळते. कुऱ्हाड हुकूम ऐकत नाही, प्रसंग जोखत नाही, पाणी राखायचे की सोडायचे हे ठरवत नाही. ज्याला आपण कर्तृत्व म्हणतो त्याचे सर्व साधे घटक मूत्रपिंडात आहेत, फक्त अहंकार नाही. आणि अहंकार असणे म्हणजेच कर्तृत्व असेल, तर वेदान्त्यांनी तो अहंकार खोटा ठरवल्यावर कर्ता उरतो कोण, हे त्यांनीच सांगावे.

दुसरे उत्तर न्यायदर्शनाचे, आणि ते मला अधिक भारदस्त वाटते. अवयवांहून निराळा असा अवयवी आहे, तो त्यांच्यात समवायाने राहतो, हे नैयायिकांचे आवडते मत. आणि न्यायसूत्रांत त्याच्या समर्थनार्थ दिलेली एक युक्ती अगदी साधी आहे, की वस्तूचा एक भाग धरला असता सगळी धरली जाते आणि एक भाग ओढला असता सगळी ओढली जाते. नुसत्या परमाणूंचा ढीग असता, तर मूठभर हातात आले असते आणि बाकीचे जागीच राहिले असते. यकृत धरले असता मूत्रपिंड ओढले जाते, यापेक्षा या युक्तीला अनुकूल दृष्टांत न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यालाही मिळाला नसता. रोग अवयवात नव्हता, अवयवीत होता. शवविच्छेदनाची सुरी अवयव कापते, म्हणून तिला तो सापडला नाही. परंतु याच प्रयोगावर बौद्धही तितक्याच हक्काने दावा सांगतील. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाचे चाक, आस, जू एकेक दाखवून यांत रथ कुठला असे विचारले होते. ज्याचे चाक काढून दुसऱ्या रथाला लावता येते आणि ते तिथे बिनतक्रार फिरते, त्या रथाला अवयवांपलीकडे काय स्वत्व उरले?

माझा स्वतःचा कल या वादात बौद्धांकडे आहे, आणि त्याचे कारण उपचारात आहे. टर्लिप्रेसिन नावाचे औषध या रोगात देतात, आणि त्याच्याबरोबर मानवी रक्तातून काढलेले अल्ब्युमिन हे प्रथिन शिरेतून सोडतात. औषध उदरातल्या सैलावलेल्या धमन्या आवळते, अल्ब्युमिन रक्ताचा भरणा वाढवते. यांतले एकही द्रव्य यकृत बरे करीत नाही आणि एकही मूत्रपिंडाची डागडुजी करीत नाही. दोघांच्या मध्ये जो संबंध बिघडला, तेवढाच ती काही दिवस सावरतात. निम्म्याहून कमी रोग्यांना गुण येतो, औषधाचे उपद्रवही आहेत, आणि तरी ज्यांना गुण येतो त्यांच्या बाबतीत कुठल्याही अवयवाला हात न लावता रोग हटलेला असतो. ज्याच्यावर उपचार झाला, तेच रोगाचे स्थान म्हणायचे झाल्यास ते स्थान म्हणजे प्रतीत्यसमुत्पादातला तो 'हे असता ते होते' एवढाच दुवा ठरतो.

हे ज्ञान सर्वस्वी नवे आहे असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जलोदराचे पाणी काढण्याचा विधी आहे: नाभीच्या खाली, मध्यापासून डावीकडे चार अंगुळे सोडून, व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करावा, नळी घालून पाणी काढावे, पण ते सगळे एकाच दिवशी काढू नये, नाहीतर तहान, ताप, श्वास आदी उपद्रव होतात, मध्ये दिवस जाऊ देऊन थोडे थोडे काढावे, आणि काढल्यावर पोट लोकर, रेशीम किंवा चामडे यांनी घट्ट वेढून बांधावे. आज पाच लिटरांहून अधिक पाणी एका वेळी काढले, तर दर लिटरामागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन देण्याचा नियम आहे, कारण न दिल्यास रक्ताभिसरण ढासळते आणि मूत्रपिंडे बसतात. सुश्रुताला वृक्कांचा मूत्राशी संबंध ठाऊक नव्हता, मेदाशी संबंध असलेले अवयव एवढीच त्याची त्यांच्याविषयी समजूत. आणि तरीही पाणी भसकन काढू नये व पोट सैल सोडू नये, हे त्या शस्त्रधराने अनुभवाने हेरले होते. कारण न समजता कार्य अचूक हेरणे ही आपल्या वैद्यकाची मोठी शक्ती होती, आणि कारण न समजल्याचे वैषम्य न वाटणे ही तितकीच मोठी उणीव.

येथवर मूत्रपिंडाला मी संपूर्ण निर्दोष ठरवत आलो. पण अलीकडचे संशोधन इतकी निखळ सुटका देत नाही. आवळलेल्या धमन्यांखाली पुष्कळ दिवस राहिलेले मूत्रपिंड हळूहळू खरोखरच बिघडते, त्याच्या सूक्ष्म नलिका मरतात, कावीळ तीव्र असेल तर पित्ताचे खडेवजा साके त्यांत अडकतात. पाच-सहा आठवडे डायलिसिसवर काढलेल्या रोग्याचे यकृत बदलले, तरी मूत्रपिंडे परत येतीलच असे सांगता येत नाही, म्हणून अशांना दोन्ही अवयव एकदम बसवण्याचा विचार करावा लागतो. बाहेरून लादलेली अवस्था फार काळ टिकली की ती स्वभाव होऊन बसते. तेव्हा तपासणाऱ्याला मूत्रपिंड सदोष दिसेल आणि ते दिसणे खरेही असेल.

दोष कळतो कसा, हा प्रमाणशास्त्राचा प्रश्नही येथे फार गुंतागुंतीचा आहे. मूत्रपिंड किती काम करते, हे आपण रक्तातल्या क्रिएटिनीनवरून अनुमानाने ठरवतो: क्रिएटिनीन वाढले की गाळणे कमी झाले. पण क्रिएटिनीन स्नायूंतून येते, आणि ज्यापासून ते होते ते क्रिएटिन यकृतात तयार होते. यकृताच्या जुनाट रोग्याचे स्नायू वाळून काड्या झालेल्या असतात आणि यकृतही दुबळे असते, म्हणून मूत्रपिंडे अर्धी बसली तरी आकडा निरोगी माणसासारखा दिसतो. नैयायिकांच्या परिभाषेत, ही व्याप्ती सोपाधिक, म्हणजे एका अटीवर अवलंबून, आहे, आणि ती उपाधी नेमकी त्याच रोग्यात सुटते ज्याच्यासाठी अनुमान करायचे. असे असता, या सदोष हेतूवर न्यायाची एक मोठी व्यवस्था उभी आहे. अमेरिकेत २००२ पासून मृत दात्याचे यकृत कुणाला आधी द्यायचे, हे बिलिरुबिन, रक्त गोठण्याचे मान आणि क्रिएटिनीन यांच्यापासून काढलेल्या एका गुणांकावर ठरू लागले. म्हणजे यकृताच्या रांगेत कुणी पुढे जावे, हे मूत्रपिंडाची पीडा ठरवते. स्त्रियांचे स्नायू मुळातच कमी, त्यामुळे तितकीच पीडा असूनही त्यांचा आकडा लहान भरे आणि त्या रांगेत मागे राहत; हे ध्यानात येऊन २०२३ साली त्यांना काही गुण वाढवून देण्यात आले. मधल्या एकवीस वर्षांत त्या रांगेत वाट पाहत ज्या मेल्या, त्यांच्या वाट्याला जे आले ते कुठल्या पूर्वकर्माचे फळ म्हणून दाखवायचे, याचे उत्तर मला देता येणार नाही, आणि जो देऊ शकेल त्याच्या शेजारी बसण्याची माझी इच्छा नाही.

त्याच वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर मात्र हे उत्तर फुकट मिळते. कुणीही भेटायला येवो, दोन मिनिटांत आवाज खाली आणून पहिला प्रश्न होतो: "पीत होते का हो?" होय म्हटले तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसते, जगाचा जमाखर्च जुळल्याचे. नाही म्हटले तर त्याला अस्वस्थ वाटते आणि तो बाहेरचे खाणे, कसली तरी देशी औषधे, गेल्या जन्मीचे काहीतरी, अशा एकेक रकान्यात ती रक्कम टाकून पाहतो. हिपॅटायटिस बी पुष्कळांना जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. आईला आपल्यापाशी तो आहे हे ठाऊक नसते, मुलाला चाळिशीपर्यंत कळत नाही, आणि जे व्हायचे ते होऊन गेल्यावर एके दिवशी त्याचे पोट फुगते. ज्याने दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही, तोही त्या खाटेवर असतो आणि त्याची बायकोही तीच वही लिहीत असते. हिब्रू ग्रंथात ईयोब या धर्मशील माणसावर आपत्ती कोसळतात, तेव्हा त्याला भेटायला आलेले मित्र हेच करतात, काहीतरी पाप असलेच पाहिजे म्हणून त्याचा पिच्छा पुरवतात. आणि त्यांना उत्तर देताना तो तक्रार करतो, की देवाने निर्दयपणे माझी मूत्रपिंडे फोडली आणि माझे पित्त जमिनीवर सांडले. पित्त आणि मूत्रपिंड यांची जोडी त्या कवीने कशी जमवली कोण जाणे. त्या ग्रंथाच्या शेवटी देव मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही; आमच्याकडे या मित्रांना कर्मसिद्धान्ताचा आधार मिळाल्यामुळे त्यांच्यावर रागावायला कुणी उरले नाही.

मला तर असे वाटू लागले आहे, की अकृताभ्यागम हा ज्याला आपण अपवाद आणि अंधेर समजलो तोच व्यवहाराचा सामान्य क्रम आहे, आणि करणारा व भोगणारा एकच असणे हा क्वचित जुळून येणारा योग. पुरूने ययातीचे वार्धक्य स्वतःवर घेतले, ती कथा वाचताना आपण त्याच्या त्यागाने भारावतो आणि एक गोष्ट विसरतो, की न केलेल्याचे फळ असे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सरकू शकते हे त्या कथेने निमूट मान्य केलेले आहे. आज ती कथा रोज घडते. भारतात यकृताचे पहिले यशस्वी आरोपण १९९८ साली दिल्लीला झाले, आणि आपल्याकडे मृत दाते थोडे असल्यामुळे बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून येतात: मुलगा आपल्या यकृताचा उजवा खंड बापाला देतो, उरलेला खंड काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा होतो, आणि सगळे नीट जुळले तर बापाची मूत्रपिंडे, ज्यांना शस्त्राचा स्पर्शही झाला नाही, काही दिवसांत पुन्हा गाळू लागतात. मुलाच्या पोटावर लांब व्रण राहतो, आणि हजारांत काही दाते या शस्त्रक्रियेत दगावतात.

परंतु महाभारतात पुरूच्या आधी चार भावांनी नकार दिला होता, आणि त्यांना शाप मिळाले. थोरल्या यदूने तर कारणही दिले होते, की वार्धक्यात खाण्यापिण्याचे अनेक दोष उत्पन्न होतात, म्हणून मला ते नको. यात असत्य काय होते, आणि परक्याच्या कर्माचे फळ नाकारणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार ययातीला कुठल्या स्मृतीने दिला? (तुझी प्रजा राज्यहीन होईल, असा शाप मिळालेल्या या यदूच्याच वंशात पुढे श्रीकृष्ण जन्मला, ही गोष्ट ग्रंथकाराने कुठलेही भाष्य न करता तशीच ठेवली आहे.) १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यात दान स्वेच्छेचेच असावे अशी अट आहे, आणि चांगल्या रुग्णालयांत दात्याला घरच्यांपासून वेगळे बोलावून, तुला हे मनापासून करायचे आहे का, असे विचारले जाते. एखादा धाकटा भाऊ किंवा जावयाच्या धाकातली लेक तिथे मान खाली घालून नाही म्हणते. मग डॉक्टर बाहेर येऊन एवढेच सांगतात, की यांचे यकृत देण्यासाठी योग्य नाही. तपासण्यांचे सगळे निकाल उत्तम असले तरी तेच सांगतात, आणि घरात पुढची पन्नास वर्षे त्या माणसाकडे कुणी बोट दाखवत नाही. कर्णपर्वात कौशिक ब्राह्मणाची कथा आहे: सत्याच्या व्रतापायी त्याने लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना दाखवली आणि तो नरकात गेला. ती वाचलेल्या माणसाला डॉक्टरांच्या या असत्याविरुद्ध फिर्याद करणे कठीण जाईल. मी तरी करणार नाही. फक्त यदूला असा एखादा वैद्य भेटला असता तर त्याने पित्याला काय सांगितले असते, आणि त्या सांगण्यावर ययातीचा विश्वास बसला असता का, याविषयी मला शंका आहे.